धावत्या पायाची झोप

सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायांच्या घरी दुपारच्या वेळी गेले असता एक दृश्य हटकून दृष्टीस पडते. मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन, तासन् तास तेंदूच्या पानात तंबाखू भरीत बसलेली बाई काही कामाकरिता उठू लागते, तो तिचा एक पाय तिचे ऐकत नाही; ती भिंतीचा आधार घेते, पाऊल दोनदा फरशीवर आपटते आणि जरा ओशाळून, तेलुगूत किंवा मराठीत, पाय झोपल्याचे शेजारणीस सांगते. या झोपेचे कोणास नवल वाटत नाही. जो अवयव बसून राहिला तो झोपला, हे ओघानेच आले. परंतु त्याच शहरात, उन्हाच्या भयाने सूर्योदयापूर्वीच घराबाहेर पडून संभाजी तलावाच्या, म्हणजे जुन्या लोकांच्या कंबर तलावाच्या, काठाने धावू लागलेला एखादा गृहस्थ चौथ्या-पाचव्या किलोमीटरास एकाएकी थांबतो आणि नेमकी तीच तक्रार करतो, तेव्हा मात्र ऐकणारा बुचकळ्यात पडतो. बसलेला पाय झोपावा हे समजू शकते. धावणारा पाय झोपतो कसा?

हा प्रश्न मला स्वतःच्या डाव्या पायाने घातला, आणि त्याचे उत्तर शोधताना मी ज्यांना ज्यांना विचारले त्यांनी मला दोनच प्रकारचे सल्ले दिले. एका पक्षाच्या मते हा साखरेचा विकार असून धावणे तत्काळ बंद करावयास हवे होते. दुसऱ्या पक्षाच्या मते हे काहीच नसून दात-ओठ खाऊन पुढे धावत राहिले म्हणजे पाय आपोआप वठणीवर येतो. दोन्ही पक्ष फिर्याद ऐकून न घेता फैसला देणारे होते, आणि या विषयातील बहुतेक अनर्थ याच घाईतून उद्भवतात, असे माझे मत झाले आहे.

फिर्याद ऐकावयाची तर प्रथम तिची भाषा समजली पाहिजे, आणि या बाबतीत मराठी भाषा वैद्यांच्या कामी येण्याजोगी काटेकोर आहे. पायाला मुंग्या येणे ही एक अवस्था. तीत मज्जातंतू बोलत असतो, मात्र असंबद्ध बोलत असतो. पाय बधिर होणे ही दुसरी. तीत तो मौन धरतो, आणि तळव्याखाली खडा आहे की पायमोज्याची घडी, हे धावणाऱ्यास सांगता येत नाही. पाय लुळा पडणे ही तिसरी. तीत संवेदनेबरोबर हालचालही जाते, आणि चवडा उचलू म्हटले तरी उचलत नाही. या तिन्हींना सरसकट “झोपला” म्हणून मोकळे होणे बोलण्यात चालेल, तपासात चालत नाही. आपल्या प्राचीन वैद्यांनाही हा भेद ठाऊक होता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींच्या प्रकरणी पाय झोपल्यासारखे होऊन त्यांत झिणझिण्या येण्याच्या विकारास ‘पादहर्ष’ हे नाव दिले असून, पायांची आग होण्याच्या ‘पाददाह’ या विकाराविषयी तो विशेषेकरून चालताना जाणवतो, अशी नोंद केलेली आहे. चालण्याने विकार प्रकट होतो हे ज्याने टिपून ठेवले, त्याने रोगी केवळ निजलेला पाहिला नव्हता, एवढे उघड आहे.

बधिरतेचे कारण रक्त न पोहोचणे हे आहे, असा सर्वसाधारण समज असतो, आणि तो अर्धाच खरा आहे. सर टॉमस लुइस व त्यांचे सहकारी यांनी १९३१ साली लंडनमध्ये जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत दंडाभोवती पट्टा आवळून रक्तप्रवाह थांबवला असता सुमारे पाव तासाने बोटांच्या टोकांपासून स्पर्शज्ञान नाहीसे होत जाते, असे दिसून आले. आणि हे घडते ते हाताला रक्त मिळत नाही म्हणून नव्हे, तर पट्ट्याखाली सापडलेल्या मज्जातंतूच्या तुकड्याला रक्त मिळत नाही म्हणून, असा निष्कर्ष त्यांनी काढला. म्हणजे ज्या ठिकाणी बधिरता भासते तेथे गुन्हा घडलेला नसतो. तो वाटेत कोठेतरी, चार बोटे किंवा चार वीत वर, घडलेला असतो. पुढे १९४३ साली हर्बर्ट सेडन या शस्त्रवैद्याने मज्जातंतूच्या इजेचे तीन दर्जे ठरविले. पहिल्या दर्जात तंतू अखंड राहतो, फक्त त्यातून निरोप जाण्याचे काही काळ थांबते. दुसऱ्यात आतला धागा तुटतो पण बाहेरची नळी शाबूत राहून धागा हळूहळू पुन्हा वाढतो. तिसऱ्यात सर्वच तुटते. धावणाऱ्यांची बहुसंख्य बधिरता पहिल्या दर्जाची किंवा त्याहूनही सौम्य असते, आणि दाब निघाल्यावर काही मिनिटांत ओसरते.

या संदर्भात वेल्लोरचे विख्यात शस्त्रवैद्य पॉल ब्रँड यांनी स्वतःविषयी सांगितलेली हकिकत विसरता येत नाही. कुष्ठरोग्यांच्या बधिर हातापायांवर आयुष्य वेचलेल्या या माणसाने एकदा इंग्लंडात आगगाडीचा लांब प्रवास आटोपल्यावर रात्री बूट काढले, तो टाचेच्या एका भागात त्यांना स्पर्शच जाणवेना. सुई टोचली, वेदना नाही. आपणास तोच रोग जडला, या समजुतीने त्यांनी ती रात्र काढली. सकाळी पुन्हा सुई टोचली तेव्हा ते कळवळले आणि त्या वेदनेबद्दल त्यांना परमानंद झाला. गाडीत एकाच बैठकीत दीर्घकाळ बसल्याने एक तंतू दबला होता, इतकेच. बधिरतेचे जगातील उत्तम जाणकार मानले जाणारे गृहस्थही एका रात्रीपुरते फसले, तेव्हा तलावाकाठी मला मिळालेल्या सल्ल्यांबद्दल राग धरण्यात अर्थ नाही.

मग हा दाब पडतो कोठे? पावलातील २६ हाडांच्या मांडणीवरून तंतूंची जी वाटणी झालेली आहे, ती महसूल खात्याच्या नकाशाइतकी स्पष्ट असून प्रत्येक तंतूचा इलाका ठरलेला आहे. आणि म्हणून बधिरता पावलाच्या कोणत्या हद्दीत येते, एवढे जरी धावणाऱ्याने नीट सांगितले तरी निम्मा तपास पुरा होतो. पावलाच्या वरच्या अंगास बधिरता आली तर संशय नडगीच्या बाहेरच्या बाजूने उतरणाऱ्या तंतूवर. अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट यांच्यामधील बेचक्यापुरतीच असली तर घोट्यासमोरून बुटाच्या जिभेखाली जाणाऱ्या खोल तंतूवर. तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या बेचक्यात असली तर चवड्याच्या हाडांमध्ये चेंगरणाऱ्या शाखेवर. सबंध तळव्यास असली तर आतल्या घोट्यामागच्या अरुंद बोगद्यावर. या शेवटच्या बोगद्यातील तंतूच्या कोंडमाऱ्याचे वर्णन १९६२ साली केक व लॅम या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे केले. तळव्याच्या कमानीच्या आतील कडेस जो तंतू जातो त्याच्या चेंगरण्यास तर ‘धावणाऱ्याचे पाऊल’ अशाच अर्थाचे नाव १९७८ साली पडले. आणि गंमत अशी की, सपाट पावलास आधार म्हणून बुटात जी उंच कमानीची गादी घालतात, तीच पुष्कळदा या तंतूस टोचून हा विकार उत्पन्न करते.

आता बुटाविषयी सविस्तर बोलणे प्राप्त आहे, कारण या खटल्यातील पहिला आणि सर्वांत वारंवार सापडणारा आरोपी तोच आहे. धावताना पाऊल फुगते. हे सर्वत्रच घडते. परंतु ज्या गावी एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि डांबरी रस्ता पहाटेपर्यंत कालची ऊब सोडीत नाही, तेथे ते अधिक घडते. सकाळी दहा वाजता, गार आणि आरामात असलेल्या पायाने नव्या पेठेतल्या एखाद्या दुकानात जाऊन ‘अगदी फिट’ बसणारा बूट खरेदी करावा, आणि तोच बूट दहा किलोमीटरांच्या अखेरीस फुगलेल्या पायावर चढलेला असावा, म्हणजे काय होईल हे सांगावयास शरीरशास्त्र नको. बूट संध्याकाळी, दिवसभर चालून झाल्यावर, धावताना वापरावयाचे पायमोजे चढवून घ्यावा. उभे राहिले असता सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरावी. आणि लांबीइतकीच चवड्याची रुंदी पाहावी, कारण आपल्याकडे बालपणी अनवाणी किंवा चपलेत वावरलेल्या पुष्कळ माणसांचा चवडा पसरट असतो आणि बाजारातील बहुतेक बूट अरुंद असतात. आकड्यावर विश्वास ठेवू नये. एकाच आकड्याचे दोन कारखान्यांचे बूट एकमेकांशी सहमत असल्याचे मी अद्याप पाहिलेले नाही.

अरुंद चवड्याचा सर्वांत जुना दाखला मॉर्टनच्या नावाने ओळखला जातो. फिलाडेल्फियाचे शस्त्रवैद्य टॉमस मॉर्टन यांनी १८७६ साली चौथ्या बोटाच्या मुळाशी होणाऱ्या वेदनेचे वर्णन केले. त्यांच्याही पूर्वी, १८४५ साली, लुइस डर्लाकर या इंग्रज पादचिकित्सकाने ती ओळखली होती, परंतु नाव मॉर्टनचे राहिले. येथे तंतूभोवती दाट आवरण वाढते. धावणाऱ्यास बुटात खडा गेल्यासारखे वाटते, तो बूट काढून झटकतो, खडा सापडत नाही, पुन्हा बूट चढवतो आणि काही अंतरावर पुन्हा खडा बोचतो, मग दोन बोटे बधिर होतात. रुंद बूट आणि चवड्याच्या हाडांमागे बसवलेली छोटी गादी एवढ्याने पुष्कळांचे भागते. न भागल्यास सुई आणि अगदी शेवटी शस्त्रक्रिया.

पण बुटाहूनही क्षुद्र अशी एक वस्तू आहे, आणि तिच्यावर फारसा कोणी संशय घेत नाही. ती म्हणजे नाडी. पावलाच्या वरच्या अंगास मांस जवळजवळ नसते. हाड, त्यावर तंतू, त्यावर कातडी, आणि त्यावर तुमच्या नाडीचा पेच, असा तो थर आहे. बूट सैल पडू नये या धास्तीने पहाटेच्या अंधारात नाडी करकचून आवळणारा मनुष्य स्वतःच्या पावलावर लुइससाहेबांचाच प्रयोग करीत असतो. इलाज फुकटचा आहे: ज्या जागी दाब पडतो त्या जागेवरचा आडवा पेच गाळून नाडी दोन्ही कडांनी सरळ वर न्यावी आणि मग पुन्हा ओवावी, म्हणजे तेवढी खिडकी मोकळी राहते. माझ्या डाव्या पायाचा तंटा मिटला तो एवढ्यानेच. तत्पूर्वी मी एका ठिकाणी बऱ्याच महाग गाद्या बनवून घेतल्या होत्या, त्या आता कपाटात आहेत.

बूट आणि नाडी एवढी उपद्रवी असतील तर ती टाकूनच का देऊ नयेत, असा प्रश्न येथे साहजिक उपस्थित होतो, आणि मराठी मुलुखात त्याला एक गौरवशाली पूर्वेतिहास आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत सर दोराबजी टाटांनी शेतकरी वर्गातील मुलांना अनवाणी धावताना पाहिले, त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या वेळांशी ताडून पाहिल्या, आणि त्यातून १९२० सालच्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदी पथक धाडण्याची तजवीज झाली. त्या पथकातील बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांनी सुमारे अर्ध्या किलोमीटराने नेहमीपेक्षा लांब आखलेल्या त्या मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावा क्रमांक मिळवला. चाळीस वर्षांनी, १९६० साली, इथिओपियाचा अबेबे बिकिला रोमच्या रस्त्यांवरून अनवाणी धावून अजिंक्य ठरला. पण अनवाणी पंथाचे प्रचारक एक गोष्ट सांगावयास विसरतात, ती ही की, १९६४ साली टोकियोत तोच बिकिला बूट घालून धावला आणि आधीपेक्षा तीन मिनिटे लवकर पोहोचला. हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांनी २०१० साली दाखवून दिले की, जन्माचे अनवाणी धावणारे बहुधा टाचेऐवजी चवड्यावर उतरतात आणि त्यांना जमिनीचा पहिला धक्का कमी बसतो. हे खरे; परंतु जन्मभर चवड्यावर उतरलेला पाय आणि पस्तिसाव्या वर्षी पुस्तक वाचून चवड्यावर उतरू लागलेला पाय यांत फार अंतर असते, आणि सोलापूरच्या रस्त्यांवरील बाभळीचे काटे व काचांचे तुकडे कोणाचेही पुस्तक वाचीत नाहीत.

धावण्याच्या ढबीचा एवढा उपयोग मात्र अवश्य करून घ्यावा, की पाऊल शरीराच्या फार पुढे टाकून टाच आपटण्याऐवजी पावले किंचित आखूड आणि किंचित जलद टाकावी; आणि बुटाच्या आत बोटे आवळून धरण्याची जी खोड पुष्कळांस नकळत लागलेली असते, ती सोडावी.

कधी कधी बुटाची निर्दोष सुटका होते आणि तपास वर पोटरीकडे सरकतो. गुडघ्याखालचा पाय चिवट आवरणाच्या चार कप्प्यांत विभागलेला आहे. धावताना स्नायूंचा आकार पाचव्या हिश्शापर्यंत वाढू शकतो, परंतु आवरण मात्र ताणत नाही, आणि मग आतला दाब वाढून कप्प्यातील तंतू व सूक्ष्म रक्तवाहिन्या चेंगरतात. या विकाराची ओळख त्याच्या वक्तशीरपणावरून पटते: दर वेळी जवळजवळ त्याच अंतरावर नडगीजवळ ताठरपणा व कळ सुरू होते, मागोमाग पाऊल बधिर होते किंवा थपथप आपटू लागते, आणि थांबल्यावर बहुधा अर्ध्या तासाच्या आत सर्व पूर्ववत होते, इतके की डॉक्टरांपुढे जाईपर्यंत पुरावाच उरत नाही. म्हणून धावण्यापूर्वी आणि धावल्यानंतर कप्प्यातील दाब सुईने मोजावा लागतो. पूर्वी यावर आवरण चिरण्याचाच एक उपाय मानीत. अलीकडे धावण्याची ढब बदलूनही, विशेषतः पुढील कप्प्याच्या बाबतीत, काही रुग्णांस गुण आल्याचे अनुभव प्रसिद्ध झाले आहेत.

त्याहूनही वर, गुडघ्याच्या बाहेरील अंगास हाडाच्या डोक्यास वळसा घालून जो तंतू जातो, तो मांडी घालून किंवा उकिडवे बसणाऱ्यांचा जुना वैरी. विडी वळणारी बाई आणि धावणारा गृहस्थ यांचे नाते येथे जुळते: दिवसभर पायावर पाय टाकून कचेरीत बसलेला मनुष्य तोच दबलेला तंतू घेऊन पहाटे धावावयास निघतो आणि बोल मात्र बुटाला लावतो. आणि शेवटी कंबर. कण्यातील चकती सरकून मुळाशीच तंतू दाबला गेला, तर कळ नितंबापासून मांडीमागून उतरते आणि बधिरता पावलाच्या बाहेरील कडेस किंवा अंगठ्याकडे येते. खोकल्याने ती वाढते, बूट काढल्याने कमी होत नाही.

येथवर जे सांगितले ते बहुतांशी एका पायाचे, आणि धावणे थांबताच मिटणारे. दोन्ही पायांची बधिरता, जी बोटांपासून सुरू होऊन मोज्यासारखी वर चढते आणि रात्री अंथरुणातही असते, ती धावण्याची बधिरताच नव्हे. धावण्याने ती फक्त उघडकीस आणली. मधुमेहात सर्वांत लांब तंतू प्रथम झिजतात, म्हणून बोटे आधी जातात. ‘ब १२’ जीवनसत्त्वाची उणीव, जी शुद्ध शाकाहारी मंडळींत आणि मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत विशेष आढळते, तीही हेच रूप घेते, आणि तिचा उपचार जितका सोपा तितकी त्यातील दिरंगाई महाग. कुष्ठरोग आपल्या मुलुखातून अद्याप बरखास्त झालेला नाही. कातडीवर फिकट, स्पर्श न कळणारा चट्टा आणि जाड झालेला तंतू दिसल्यास सरकारी दवाखान्यात जाण्यास संकोच करू नये, औषध विनामूल्य मिळते आणि रोग बरा होतो. तंबाखूने रक्तवाहिन्या आखडलेल्या माणसाचे पाऊल बधिर होताना गारही पडते आणि फिकटही. चवडा उचलता येईनासा होणे, किंवा मांड्यांच्या आतील भागास बधिरता येऊन लघवीवरील ताबा सुटणे, या गोष्टी उद्यावर टाकण्याच्या नव्हेत. तासाभराच्या आत रुग्णालय गाठावे.

या दुसऱ्या वर्गाचे गांभीर्य मला प्रथम समजले ते आषाढात, वेळापुराजवळ. तुकोबांना येथून पंढरीच्या मंदिराचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा असल्याने पालखीबरोबरचे वारकरी तेथील उतारावर धावा करतात. आळंदीपासून दोनशेहून अधिक किलोमीटर चाललेली, साठी उलटलेली माणसे त्या क्षणी मुलांसारखी पळत सुटतात, आणि त्यांतील पुष्कळ अनवाणी असतात. त्या दिवशी झाडाखाली पाय तपासून घेणाऱ्यांच्या रांगेत एका वृद्धाच्या तळव्यास रुपयाएवढी जखम होती, आणि त्यांना ती कधी झाली हे ठाऊक नव्हते. दुखत नाही म्हणून ते समाधानी होते. ब्रँड यांनी वेल्लोरात जे शिकवले ते नेमके हेच: बधिर पाय एका मोठ्या आघाताने नव्हे, तर साध्या चालण्याच्या हजारो पुनरावृत्तींनी फुटतो, कारण निरोगी माणूस नकळत जी चाल बदलतो ती त्याला बदलावीशी वाटत नाही. अशा पायाने अनवाणी धावू नये. आणि ज्यास मधुमेह आहे त्याने वर्षातून एकदा तरी नायलॉनचा दहा ग्रॅम दाबाचा तंतू आणि १२८ कंपनांचा नादकाटा यांनी तळव्याची परीक्षा करून घ्यावी. तीस पाच मिनिटेही लागत नाहीत.

राहिला प्रश्न वाटेत काय करावे याचा. पाय बधिर वाटताच थांबावे, कठड्यावर बसावे, नाडी सोडावी आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत मुंग्या येऊन पाऊल जागे झाले तर नाडी सैल बांधून चालत घरी जावे आणि पुढील खेपेस पेच बदलून, मग मोजे बदलून, मग बूट बदलून पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर गुन्हेगार कोण होता ते कधीच कळत नाही. किती अंतरावर, कोणत्या हद्दीत, किती वेळ, एक पाय की दोन, हे चार रकाने एखाद्या वहीत पंधरवडाभर भरून ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. बधिर पायाने ‘रेटून’ धावू मात्र नये. ज्या पायास जमीन कळत नाही तो खड्ड्यात मुरगळतो.

माझ्या डाव्या बुटाची मधली दोन भोके गेली दोन वर्षे रिकामी आहेत. तलावाच्या काठी रोज भेटणारे एक निवृत्त मास्तर अजूनही आठवड्यातून एकदा तरी मला थांबवून, नाडी नीट ओवलेली नाही, पडाल, असे बजावतात; मी त्यांना सविस्तर खुलासा करतो, ते शांतपणे ऐकून घेतात, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा सांगतात.